सासूबाईंनी बाही वर केली

जावई आणि सासू एका घरात राहतात म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. मधला दुवा, म्हणजे बायको, नसली तर विचारायलाच नको. पण त्या गल्लीच्या टोकाला, लाकडाच्या भुशाचा वास जिन्यापर्यंत येतो त्या घरात, ही जोडी काही वर्षं सुखाने भांडत राहत होती.

जावई कातारी होता. लेथवर लाकूड चढवायचं, ते गरगर फिरू लागलं की त्यावर पटाशी टेकवायची आणि ठोकळ्यातून टेबलाचा पाय, नाहीतर जिन्याच्या कठड्याचा खांब काढायचा. असे पाय आणि खांब त्याने उभ्या जन्मात किती काढले त्याला गणती नव्हती. त्यातून उडालेला भुसा किती आत गेला त्यालाही नव्हती. वर सिगारेटी. त्या त्याने सोडल्या तेव्हा फुफ्फुसांनी आपलं म्हणणं मांडून झालं होतं. डॉक्टर त्या आजाराला इंग्रजी अक्षरांनी ओळखायचे, कातारी 'आमची धाप' म्हणायचा. लेथ त्याने पॉलिशवाल्याच्या, म्हणजे जुन्या भागीदाराच्या हवाली केलं होतं, पण दुपारी दुकानात जाऊन तोंडाला फडकं बांधून स्टुलावर बसल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

सासूबाई लेकीच्या आजारपणात एक बॅग घेऊन आल्या होत्या. लेक गेली. बॅग तिथेच राहिली. "थोडे दिवस थांबते, तुमचं बस्तान बसेपर्यंत," म्हणाल्या होत्या. बस्तान अजून बसायचं होतं. वयाने ऐंशीच्या घरात, अंगाने काडी, पण जिभेला गंज चढलेला नव्हता.

"जावईबापू, जिना चढताना मोजून पाय टाका. वर आल्यावर तुमच्या छातीची शिट्टी ऐकून शेजारचे कुकर बंद करायला धावतात."

"आई, तुमच्या बोलण्याने तर भात कुकर न लावताच शिजतो."

असं चालायचं. दोघांनाही ते लागायचं, जेवणात मीठ लागतं तसं.

गेल्या थंडीत मात्र थट्टेचा विषय राहिला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून कातारी फ्लूची लस घेऊन आला आणि दोन दिवसांत तापाने फणफणला. धाप अशी लागली की वाक्य सोडाच, एक शब्द पुरा होईना. हॉस्पिटलात नेलं, तोंडावर मास्क चढवला, आणि कातारी छताकडे डोळे लावून एकेक श्वास असा ओढत पडला जणू विहिरीतून भरलेली घागर वर घेतोय. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. घरी जा म्हटलं तरी गेल्या नाहीत. तो वाचला, पण परत आल्यावर अंगात कस राहिला नाही, आणि डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: आपला घात सुईने केला.

म्हणून या वर्षी थंडीच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून "काका, लस घ्यायची वेळ झाली," म्हटलं, तेव्हा कातारी खुर्चीतून अर्धा उठला.

"नाव काढू नका! एकदा हात पोळलाय माझा. ती तुमची लस घेतली आणि यमाच्या दारात जाऊन आलो मी."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण उतावळ्या नव्हत्या. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि समजावलं, "त्या लसीतला विषाणू मेलेला असतो, काका. मेलेला चोर घर फोडत नाही. हात दुखेल, अंग जरा कसकसेल, एखाद दिवस कणकण. बस. आणि लस टोचली की लगेच पहारा सुरू होत नाही. शरीराला तयारीला दोनेक आठवडे लागतात. मला सांगा, लस घ्यायच्या आधी कोणा खोकणाऱ्या माणसाजवळ बसला होतात का?"

"छे! मी कशाला बसतोय?"

"बसले होते की!" कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. त्या प्रत्येक तपासणीला सोबत यायच्या आणि गप्प बसायचं वचन देऊनच आत यायच्या. "आदल्या दिवशी कठडा पोचवायला टेम्पोत गेला होतात. तुम्ही, ड्रायव्हर आणि मध्ये तो पॉलिशवाला. काचा वर, आणि तो मेला जाताना-येताना खोकत होता. घरी येऊन तुम्हीच सांगितलंत, की त्याचं खोकणं इंजिनापेक्षा मोठं होतं."

कातारीने सासूकडे अशी नजर टाकली की दुसरी एखादी गप्प झाली असती.

"म्हणजे लागण आधीच झाली असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लस उशिरा पडली. म्हणून तर या वर्षी लवकर सांगतेय. तुमच्या फुफ्फुसांना साधा फ्लू साधा राहत नाही. आणि आजी, तुम्हीही घ्या. एका घरात राहता. तुमचं वयही आहे, आणि तुम्ही आजार घरी आणला नाहीत तर यांच्यापर्यंत पोचणार कसा?"

आता सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सुई या वस्तूशी त्यांचं जन्माचं वैर होतं. लहानपणी शाळेत टोचायला आले तेव्हा त्या रांगेत उभ्या उभ्या कोसळल्या होत्या, आणि त्यानंतर सुई दिसेल असा प्रत्येक रस्ता त्यांनी टाळला होता. मागे टाचेत खिळा गेला तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्यांना दोघांनी धरून न्यावं लागलं होतं, आणि त्यांच्या किंचाळण्याने अख्खा दवाखाना उभा राहिला होता.

कातारीला हे सगळं ठाऊक होतं. त्याला एकदम वाट सापडली.

"ठरलं," तो ऐटीत म्हणाला. "आई घेतील तर मीही घेईन. त्यांच्या आधी नाही."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. संध्याकाळीही बोलल्या नाहीत. कातारी मनात म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला. आणि निवांत झोपला.

सकाळी तो दाढी करून बाहेर आला तर सासूबाई दाराशी खुर्चीत बसलेल्या. केस विंचरलेले, बाहेर जायचे कपडे अंगावर, हातात पिशवी. चेहरा पांढरा पडलेला, पण हनुवटी वर.

"चला."

"कुठे?"

"कुठे काय कुठे? शब्द दिलात ना डॉक्टरांसमोर? की पुरुषाच्या शब्दाला आता लाकडाच्या भुशाची किंमत आलीय?"

"आई, अहो, मी आपलं बोलण्याच्या ओघात..."

"मी ओघात बोलत नाहीये. जावईबापू, मी मागच्या थंडीत त्या बाकावर बसले होते. आत माझ्या लेकीला नेलं होतं तेव्हाही तोच बाक होता. तिथे पुन्हा बसायची ताकद माझ्यात नाही. त्यापेक्षा सुई परवडली." इतकं बोलून त्यांचा आवाज जरा हलला, तशी त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता चला. माझं मन बदलायच्या आत चला."

कातारीने मुकाट्याने चपला घातल्या. रस्त्याने दोन वेळा त्या थबकल्या. एकदा गॅस बंद केला का ते आठवेना म्हणून, एकदा उगाचच. दोन्ही वेळा कातारीच्या मनात आलं की परत फिरूया म्हणावं. म्हणाला नाही. का ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

दवाखान्यात भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. नंबर आला तेव्हा सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. काडीसारख्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. पकडीत लाकूड धरावं तसं धरलं होतं.

"सुई किती लांब आहे?" त्यांनी नर्सला विचारलं.

"आजी, बघूच नका ना. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"सगळ्या मुंग्या सारख्या नसतात, बाई."

त्यांनी डोळे मिटले, बाही वर केली आणि सतराचा पाढा मोठ्याने म्हणू लागल्या. रांगेतले दोघे-तिघे डोकावले. पाढा निम्म्यावर यायच्या आत नर्सने कापूस दाबला.

"झालं, आजी."

"झालं?" एक डोळा उघडला. "टोचलंत?"

"केव्हाच."

"मला कळलंसुद्धा नाही! मग हा एवढा पाढा म्हटला तो?"

"घरी जाऊन पुरा करा," नर्स म्हणाली, आणि खोलीतले सगळे हसले. सासूबाई हसता हसता एकदम खुर्चीत मागे रेलल्या, त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि कातारीने घाईने त्यांचा खांदा धरला. पण नर्सने पाणी दिलं, त्यांचे पाय जरा उचलून धरले, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "यांचं झालं का? ते पळतील हं, लक्ष ठेवा."

कातारी पळाला नाही. त्याने हात पुढे केला.

पुढचे दोन दिवस त्याने मरणाची तयारी केली. दंड ठणकत होता, अंग मोडून आल्यासारखं वाटत होतं, आणि त्याने तापमापी काखेतून जवळजवळ काढलीच नाही. दुपारी पांघरूण घेऊन आडवा झाला आणि खोल आवाजात म्हणाला, "आई, माझं काही बरंवाईट झालं तर पटाश्या पॉलिशवाल्याला देऊ नका. त्याला धार लावता येत नाही."

"माझाही दंड दुखतोय," बाल्कनीतून उत्तर आलं. "मी कपडे वाळत घालतेय. या जरा, चादरीचं एक टोक धरा."

तिसऱ्या दिवशी दंड दुखायचा थांबला. ताप आलाच नाही. कातारीला बरं वाटलं, आणि मनात कुठेतरी हिरमोडही झाला, कारण वर्षभर छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट आता कोणाला सांगता येणार नव्हती.

मग थंडी पडली आणि खोकल्याने गाव धरलं. शाळेतले वर्ग अर्धे रिकामे झाले, औषधाच्या दुकानासमोर माणसं मफलरीत नाक खुपसून उभी राहू लागली. पॉलिशवाला आडवा झाला. कातारीने दुकानात जाणं बंद केलं. त्याची लेक दूरच्या शहरात असायची. तिला मूल झालं होतं, आणि ती ते आजोबांना दाखवायला येणार होती. तिचा फोन रोज यायचा. "बाबा, तू बरा आहेस ना? आजी बरी आहे ना? मग मी तिकीट काढते."

"काढ," कातारी म्हणायचा.

तिकीट काढलं आणि सासूबाई आजारी पडल्या.

सकाळी त्या उठल्याच नाहीत. कातारी दारात गेला तर पांघरुणातून आवाज आला, "आत येऊ नका!" आवाज घोगरा होता. "मला ताप आहे. खिडकी उघडी ठेवलीय. दार लोटून घ्या आणि तिकडे जा."

"आई, लस घेतली होतीत ना?"

"मला काय विचारता? त्या विषाणूला विचारा, त्याला कोणी सांगितलं नसेल."

कातारीला हसू आलं नाही. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी संध्याकाळी येऊन तपासलं, औषध सुरू केलं. लस घेतली म्हणजे फ्लू कधीच होणार नाही असं नाही, म्हणाल्या, विशेषतः या वयात. पण होतो तो बहुतेकदा हलका होतो. त्याला बजावलं, मास्क लावा, खोलीत कमी जा, हात धुवा, आणि तुम्हाला कणकण जरी वाटली तरी त्याच दिवशी माझ्याकडे या, उद्यावर टाकू नका.

कातारीने दाराबाहेर स्टूल मांडलं. मास्क लावून चहा आत ठेवायचा आणि बाहेर येऊन बसायचं. दार बोटभर उघडं. त्या फटीतून बोलणं चाले.

"चहा घेतलात?"

"घेतला. साखर विसरलात."

"तुम्हाला चव लागत नाहीये. घातलीय."

"चव जात नाही हो माझी. साखर नाहीये यात."

त्याने स्वयंपाकघरात जाऊन डबा पाहिला. साखर खरंच विसरला होता. त्याला एवढा आनंद झाला की त्याने दोन चमचे जास्त घातली.

पण दुपारी त्या झोपल्या आणि आतून आवाज येईना, तेव्हा तो फटीला कान लावून उभा राहिला. श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा, पण एका लयीत. त्याला कळून चुकलं की मागच्या वर्षी बाकावर बसणं म्हणजे काय असेल. माणूस आजारी असतो तेव्हा त्याला काहीतरी करायचं असतं, श्वास घ्यायचा असतो. बाहेरच्याला तेवढंही काम नसतं.

दुसऱ्या दिवशी उठताना त्याच्या घशात काटा टोचला. दुपारपर्यंत अंग तापलं. त्याने लपवलं नाही. दारातूनच सांगितलं, "आई, मलाही आलाय."

आत पलंग करकरला. सासूबाई मास्क लावून, भिंतीला धरून दारात येऊन उभ्या राहिल्या. ताप उतरला होता, पाय थरथरत होते.

"धाप?"

"नाही अजून."

"धापेचा पंप ओढलात?"

"ओढला."

"मग उभे काय आहात? गाडी बोलवा, जा."

डॉक्टरीणबाईंनी नाकातून नमुना घेतला, फ्लूच निघाला. औषध लगेच सुरू केलं, छाती पुढून-मागून ऐकली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू पाहिला. "आत्ता ठीक आहे. घरी जा, चिमटा सोबत न्या. आकडा मी सांगितलाय त्याच्या खाली गेला, किंवा बोलताना धाप लागली, तर सरळ हॉस्पिटल. वाट पाहायची नाही."

कातारी घरी आला आणि वाट पाहू लागला. काय येणार ते त्याला पाठ होतं. आधी छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. मग लेथचा पट्टा सरकावा तसं होतं, मोटर फिरते पण लाकूड फिरत नाही. छाती वर-खाली होते पण हवा आत जात नाही. तो उशांना टेकून बसला आणि प्रत्येक श्वासाला म्हणू लागला, आता येईल. खोकला आला. ताप चढला. अंग रोड-रोलरखाली गेल्यासारखं दुखलं. संध्याकाळी त्याने एक लांब वाक्य मुद्दाम मोठ्याने बोलून पाहिलं.

"आई, मी म्हणतो, लेकीला सांगा की आठवडाभर थांब, आम्ही दोघं बरे होईपर्यंत बाळाला आणू नकोस, तिकीट बदल."

"सांगितलं केव्हाच," पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं. मग जरा थांबून, "जावईबापू, एका दमात बोललात."

"बोललो ना?"

"अख्खं. मध्ये थांबला नाहीत."

कातारीने चिमटा पुन्हा बोटाला लावला. आकडा होता तिथेच होता.

धाप आलीच नाही असं नाही. जिना चढल्यासारखी थोडी आली, पंपाने बसली. पण ती दुसरी, गळा धरणारी, ती आली नाही. तो पहाटे जागा झाला तेव्हा अंग घामाने भिजलं होतं आणि ताप उतरला होता. खिडकीतून दूधवाल्याच्या सायकलीची घंटा ऐकू आली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. तो उठून गेला. सासूबाई ओट्याला धरून उभ्या राहून चहा टाकत होत्या.

"तुम्ही कशाला उठलात?"

"तुम्ही केलेला चहा प्यायचा म्हणजे पुन्हा ताप यायचा. बसा. तिकडे बसा, लांब, खिडकीपाशी."

तो खिडकीपाशी बसला. त्याने एक श्वास पोटापर्यंत घेतला. त्याच्या छातीला जमेल तेवढा, फार मोठा नाही. आत गेला. बाहेर आला. त्याचे डोळे भरून आले. तो बाहेर बघत राहिला, आणि सासूबाईंनीही वळून पाहिलं नाही, साखरेच्या डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ त्याची पाठ ऐकली. "फुफ्फुसं जुनी आहेत, ती नवी होणार नाहीत. पण या खेपेला पडझड झालेली नाही."

"लसीमुळे?"

"लस होती, तुम्ही पहिल्याच दिवशी आलात, औषध वेळेवर मिळालं. कोणी किती काम केलं ते मी शपथेवर सांगणार नाही. पण नुसत्या नशिबावर सोडलं असतं तर मला आज इतकं हसता आलं नसतं."

"माझंही काही श्रेय आहे की नाही?" कोपऱ्यातून आवाज आला.

"तुमचं सगळ्यात मोठं, आजी."

"तसं लिहून द्या त्यांना. ते विसरतात."

आठवडा उलटल्यावर लेक आली. दारातच तिने बापाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आजीला मिठी मारली आणि बाळ कोणाच्या हातात आधी द्यायचं यावर घोळ झाला. सासूबाई म्हणाल्या, वयाचा मान माझा. कातारी म्हणाला, आजोबा मी आहे. शेवटी बाळानेच निकाल लावला. पणजीच्या कडेवर जाताच भोकाड पसरलं.

कातारी आरामखुर्चीत रेलला आणि त्याने ते छातीवर घेतलं. बाळ जरा कुरकुरलं, कान त्याच्या सदऱ्यावर दाबला, आणि बघता बघता मूठ सैल सोडून झोपलं.

"बघ," सासूबाई नातीला हळूच म्हणाल्या, "आत शिट्टी वाजतेय ना बारीक, अंगाई म्हणायची गरजच नाही."

लेक हसली. कातारीचा हात अवघडला होता, नाकावर खाज सुटली होती. पण तो हलला नाही.